अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ हॉलमध्ये लावायच्या आहेत: प्रिंट कशावर काढू, फ्रेम कशी करू?

पळसपान:

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे. सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही तिघी बहिणी, मूळ अकोल्याच्या. थोरली माई, मधली मी, धाकटी लग्न होऊन इंदूरला. माईला शाळेत असल्यापासून तिकिटं जमवायचा नाद. १९७८ साली टपाल खात्याने आधुनिक भारतीय चित्रांची तिकिटं काढली होती, त्यात चित्रकार अमृता शेरगिलचं ‘हिल विमेन’ होतं. माईने ते वहीत लावलं, तेही डिंक न लावता. मागे पातळ कागदाची घडी घालून बिजागरीसारखं चिकटवलं, म्हणजे उचलून मागची बाजू बघता येते. हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. त्या एवढ्याशा तिकिटातून अमृता शेरगिल हे नाव आमच्या घरात आलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघी पहिल्यांदाच आपापले संसार घरी ठेवून दिल्लीला गेलो. इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथे ‘थ्री गर्ल्स’ बघितलं. १९३५ चं चित्र. तीन मुली शेजारी शेजारी बसल्यात आणि एकीचीही नजर आपल्याकडे नाही. काहीतरी ठरलंय, ते त्यांना कळलंय, आणि त्यावर त्यांचं काही चालणार नाही, असं मला ते बघताना वाटलं. माई त्याच्यासमोरून हलेना. धाकटीने दोनदा आवाज दिला तरी हलेना. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून ती एवढंच म्हणाली, “आपण तिघी बसायचो ना गं अशा, पाहुणे बघायला आले की आतल्या खोलीत.”

आता माईच्या डोळ्यांचा त्रास वाढलाय. पडद्याचा मधला भाग खराब झाल्यामुळे नजरेच्या मधोमध धूसर डाग दिसतो, कडेचं त्यातल्या त्यात बरं. मोठं असेल तर दिसतं, बारीक दिसत नाही. चमक मुळीच सहन होत नाही, टीव्हीच्या काचेवर खिडकी दिसली तरी मान फिरवते. डिसेंबरपासून चार महिने ती माझ्याकडे डोंबिवलीला राहायला येणार आहे, आणि तेव्हा हे चित्र हॉलमध्ये असावं अशी माझी फार इच्छा आहे.

मी एकदा प्रयत्न केला. एका ऑनलाइन दुकानातून कॅनव्हासवरची प्रिंट मागवली, २४ बाय २४ इंच. मूळ चित्र आडवं आहे हे माझ्या लक्षात होतं, पण चौकोनी म्हणजे वरखाली कोरी जागा सोडतील असं मी धरून चालले. खोकं उघडलं तर चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या. उजवीकडच्या मुलीचा खांदाच नाही. वर कॅनव्हास लाकडी चौकटीवरून मागे वळवलेला, त्या वळणात आणखी दीड इंच गेला. रंगाचं तर बोलूच नका. त्यांची ती सावळी, तपकिरी कांती पार नारिंगी. मी ते खोकं बंद केलं आणि परत पाठवलं. पैसे मिळाले, तक्रार नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर प्रश्न असे. प्रिंट कागदावर काढावी की कॅनव्हासवर? मूळ आकारात काढून मिळते का? रंग बरोबर आलेत हे मी कसं ठरवायचं, मला तर चित्र आठवणीतच आहे. काच लावली तर चमकणार, नाही लावली तर आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे कागदाचं काय होईल? आणि भिंत कुठली? हॉलची मोठी भिंत ११ फुटी आहे पण ती पश्चिमेची, बाहेरची. दर जुलैमध्ये कोपऱ्यात पोपडे सुटतात. दुसरी आतली, हॉल आणि बेडरूमच्या मधली, साडेसात फूट. तिच्यावर चारनंतर बाल्कनीतून ऊन येतं.

आणि हे कायद्याने चालतं ना? कुणाचं चोरून लावायचं नाहीये.

रानफूल९:

ताई, भावना पोचल्या. पण एक सुचवू का? एवढा खर्च प्रिंटवर करण्यापेक्षा एखाद्या तरुण चित्रकाराचं अस्सल काम घ्या. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची चांगली कामं बघायला मिळतात. प्रिंट शेवटी प्रिंटच. चित्रकाराचा हात लागलेला नसतो त्याला.

पळसपान:

रानफूल, तुमचं म्हणणं पटतं आणि कधीतरी तेही घेईन. पण मला “एखादं चित्र” नकोय हो. मला हेच हवंय.

शाईवाला:

पळसपान ताई, मी लोअर परळच्या एका छापखान्यात ३१ वर्षं काढली. त्यातली १९ वर्षं स्कॅनरवर. कॅलेंडरं, चित्रांचे अल्बम, प्रदर्शनांचे कॅटलॉग हेच माझं काम. चित्रकाराचा हात प्रिंटला लागत नाही हे खरं, पण हात लागतातच. ते नीट लागले की नाही, त्यावर सगळं असतं.

आधी कायद्याचं सांगतो, कारण तुम्ही विचारलंत आणि सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मृत्यू झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचं. अमृता शेरगिल ५ डिसेंबर १९४१ ला लाहोरला गेली, अवघी २८ वर्षांची होती. म्हणजे २००१ संपलं तेव्हा हक्क संपले. खरं तर आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरही १९४१ लाच गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून सरकारने मुदत ६० केली. त्यामुळे हिचीही दहा वर्षं वाढली. तिची मूळ चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमच्या प्रिंटला त्याची आडकाठी नाही. निर्धास्त लावा.

आता रंग. तुमची प्रिंट नारिंगी का झाली ते सांगतो.

नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत तपकिरी नावाची शाईच नसते. पिवळी आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) भरपूर, त्यावर थोडी सायन (हिरवट निळी), आणि किंचित काळी, असं चौघांनी मिळून तपकिरी करायची. पिवळी आणि मॅजेंटा एकत्र म्हणजे नारिंगी. त्या नारिंगीला सावळं करते ती सायन. ती सायन पाच-सात टक्के खाली घसरली की कातडी नारिंगी झालीच. पाच-सात टक्के वर गेली की शेवाळल्यासारखी हिरवट. निळ्या आकाशात एवढा फरक पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही. सावळ्या चेहऱ्यात लगेच येतो, कारण माणसाची कातडी आपण जन्मापासून बघतोय. आमचे मुख्य प्रूफर, म्हणजे छपाईआधी नमुना काढून तपासणारे, म्हणायचे, गोरी बाई कुणीही छापेल, सावळी छापणारा कारागीर. अमृता शेरगिलची भारतात काढलेली बहुतेक चित्रं सावळ्या माणसांची. तुमच्याकडे आलेली प्रिंट ज्याने काढली त्याने फाइल उघडली, “जरा उठाव देऊ” म्हणून रंग वाढवले आणि बटण दाबलं, हे मला इथे बसून दिसतंय.

म्हणून आधी प्रूफ मागायचं. पूर्ण चित्राचं नको, एक पट्टी. ए-४ एवढा कागद, त्यावर मूळ आकारातला एक चेहरा, थोडं कापड आणि थोडी मागची पार्श्वभूमी. फाइन आर्ट प्रिंट काढणारे स्टुडिओ मुंबई-पुण्यात आहेत, ते अशी पट्टी थोडे पैसे घेऊन काढून देतात. जो नाही म्हणेल त्याच्याकडे काम देऊ नका. दोन पट्ट्या मागा, एक फाइल आहे तशी, एक सायन दोन-तीन टक्के वाढवून. घरी आणा. सकाळी दहाला खिडकीपाशी बघा आणि रात्री तुमच्या हॉलच्या दिव्याखाली बघा. खिडकीत बरोबर दिसणारा रंग ट्यूबखाली हिरवट दिसू शकतो, कारण स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंग कमी असतो. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा घ्या. माईंनाही त्याचा उपयोग होईल.

तुलना कशाशी करायची? आठवणीशी नको. दिल्लीच्या त्याच संग्रहालयाच्या विक्री काउंटरवर प्रिंट आणि पोस्टकार्डं मिळतात. कुणी जाणार असेल तर तिथून आणायला सांगा. तेही तंतोतंत नसतं, पण ज्यांच्याकडे मूळ चित्र आहे त्यांनी छापलेलं असतं. चांगल्या कला-ग्रंथातलं पान मिळालं तर तेही शेजारी ठेवा.

फाइलचं गणित सोपं आहे. मूळ चित्र जवळपास एक मीटर रुंद आहे, म्हणजे साधारण ३९ इंच. इंचाला १५० ठिपके धरले तर रुंदीला ५,९०० पिक्सेल लागतात, २०० धरले तर ७,९००. नेटवर सहज दिसणारी चित्रं १,२०० पिक्सेलची असतात. ती एवढी ताणली की इंचाला ३० ठिपके पडतात, आणि मग सॉफ्टवेअर मधले ठिपके आपल्या मनाने भरतं. तिथे गाल मेणाचे होतात. तेव्हा स्टुडिओला पहिला प्रश्न विचारायचा, फाइल किती पिक्सेलची आहे? आकडा सांगता आला पाहिजे.

आकार मूळचाच ठेवा. माईंच्या डोळ्यांसाठी तर ठेवाच, पण तसंही ठेवा. चित्रकाराने ब्रश फिरवला तो हाताच्या मापाने. चेहरा केवढा असावा हे तिने ठरवलं होतं.

कागद की कॅनव्हास? माझं मत कागद. कॉटन रॅग म्हणून येतो, सुती धाग्यापासून केलेला, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपास, बिनचमकीचा. हाताला जाड पोस्टकार्डासारखा लागतो, पण मऊ. फार शुभ्र कागद घेऊ नका, त्यात पांढरेपणासाठी रसायन घातलेलं असतं आणि ते काही वर्षांत उतरून कागद पिवळा पडतो. शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची हवी, डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची नको. सलूनमधली जुनी पोस्टरं निळी पडलेली बघितली असतील. पिवळा आणि मॅजेंटा उडून जातात, सायन आणि काळा मागे राहतात. आणि कॅनव्हासवर छापलं म्हणजे तैलचित्र होत नाही. कॅनव्हासची वीण छापील रंगातून डोकावते आणि चेहऱ्यावर जाळी दिसते. कागदावरची प्रिंट मी प्रिंट आहे असं सांगून भिंतीवर बसते, मला ते आवडतं.

रानफूल, तुमच्यासाठी एक गोष्ट. माझ्या आजीच्या घरी, वाईला, देवघराबाहेर रवि वर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक दगड उठवायचा. आजीने त्या लक्ष्मीच्या पदराला खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या, बारीक टाक्यांनी, कागद न फाडता. तिला कुणी सांगितलं असतं की ही प्रिंट आहे, तर तिने विचारलं असतं, मग? मी छापखान्यात गेलो तो त्या चित्रामुळे.

सह्यवारा:

शाईवाले काका, सविस्तर माहितीबद्दल मनापासून आभार. मला गायतोंड्यांचं चित्र असंच मूळ आकारात काढून हवंय. ते पिवळं, सोनेरी. जमेल का?

शाईवाला:

वासुदेव गायतोंडे २००१ ला गेले. त्यांचे हक्क २०६१ संपेपर्यंत आहेत. स्टुडिओत जाऊन स्वतःच काढून आणायचं नाही. हक्कधारकांच्या परवानगीने अधिकृत निघालेलं काही मिळालं तरच घ्या. चित्रकार सय्यद हैदर रझांचं तर २०७६ पर्यंत. आणि गायतोंड्यांबद्दल छापणारा म्हणून सांगतो, ते रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, परत चढवायचे. उजेड त्या थरांत शिरून परत बाहेर येतो. कागदावर शाईचा एकच थर असतो. एका कॅटलॉगसाठी त्यांच्या एका चित्राची पाच प्रूफं काढली आणि पाचही वेळा मान खाली घालून परत आलो. त्यांचं चित्र प्रत्यक्ष बघायला जावं.

खडूफळा:

मी साताऱ्याकडे चित्रकला शिकवते, २४ वर्षं झाली. काकांशी सहमत, आकाराबद्दल तर शंभर टक्के. कँडिन्स्कीचं चौकोनांतल्या वर्तुळांचं १९१३ चं काम सगळ्यांच्या ओळखीचं आहे, शाळेत मुलांकडून ते करून घेतात. मूळ कागद जेमतेम २४ बाय ३२ सेंटिमीटरचा आहे! रंग शेजारी शेजारी ठेवून बघायला केलेला अभ्यास. दुकानात ते तीन-चार फुटांचं करून सोफ्याच्या वर टांगायला विकतात. उलट क्लिम्टचं ‘द किस’ १८० सेंटिमीटर चौकोनी आहे, त्यात खरा सोन्याचा वर्ख आहे, आणि ते घराघरात फूटभर येतं. सोनं तर नेहमीच्या चार शायांत येतच नाही, मोहरीचा रंग येतो.

ताई, तुमच्या चित्राबद्दल दोन गोष्टी सांगते. त्याचा मुंबईशी संबंध आहे. १९३७ ला बॉम्बे आर्ट सोसायटीने याच चित्राला सुवर्णपदक दिलं. दुसरं, १९३६ च्या अखेरीला अमृता मुंबईत प्रदर्शनासाठी आली आणि तिथून वेरूळ-अजिंठ्याला गेली. मग दक्षिणेत. त्यानंतर १९३७ मध्ये ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारी’ ही चित्रं झाली. माणसांना शेजारी शेजारी बसवून मधली जागा बोलकी करायची हे तिला अजिंठ्याने आणखी शिकवलं, पण ‘थ्री गर्ल्स’ त्याच्या आधीचं आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. पॅरिसमध्ये शिकून, परत येऊन वर्षभरात, अजिंठा न बघताही तिला ते दिसलं होतं.

म्हणूनच त्या विक्रेत्याने कडा कापल्या याचा मला मनस्वी राग आला. त्या तिघींच्या कडेने सोडलेली जागा तिने मोजून सोडलीय. खांदा कापला की त्या तीन मुली न राहता अडीच होतात.

एक विनंती. माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, खाली उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलने, छोट्या अक्षरात नाव आणि साल लिहा. माझ्या वर्गातल्या प्रत्येक प्रिंटखाली आहे. मुलं चित्र विसरतात, नाव लक्षात ठेवतात, आणि मग नावावरून चित्र परत शोधतात.

माडबन:

रत्नागिरीहून. आमचं फ्रेमचं दुकान, वडिलांपासून. ओल, बुरशी, कसर यांच्याशी आमचा रोजचा संबंध, म्हणून फ्रेमपुरतं मी सांगतो.

भिंत आतली घ्या, साडेसात फुटी. पश्चिमेची विसरा. पोपडे कोपऱ्यात दिसतात पण ओल आख्ख्या भिंतीत असते. मी पावसानंतर दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेमा उघडतो, दहातल्या आठ बाहेरच्या भिंतीवरच्या निघतात. उन्हाचं म्हणाल तर बाल्कनीला पातळ सुती पडदा लावा, चार ते सहा ओढायचा.

कॅनव्हास बिनकाचेचा आमच्याकडे टिकत नाही. मागून हवा लागते म्हणतात, पण आमच्या हवेत पाणीच जास्त. दुसऱ्या पावसात काळे ठिपके.

आता माउंट. तुम्ही लिहिलंय ना, माईंनी तिकीट बिजागरीने लावलं होतं? चित्र तसंच लावायचं असतं. अगदी तसंच! वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या, आणि खालून चित्र मोकळं. पावसात कागद फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, त्याला हलायला जागा पाहिजे. चारही बाजूंनी टेप मारली की मधे लाटा येतात. आणि आख्खं चित्र बोर्डावर गरम प्रेसने चिकटवू देऊ नका, सपाट दिसतं म्हणून सगळे तेच करतात. ते परत निघत नाही. खळ थोडीच वापरायची, कारण कसर खळीवर येते.

माउंट बोर्ड आम्लरहित मागा. साध्या बोर्डाचा पुरावा तुमच्या घरातच असेल. जुना लग्नाचा फोटो फ्रेममधून काढा, बोर्डात फोटोसाठी कापलेल्या खिडकीच्या कडेने चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसेल. बोर्डातलं आम्ल कागदात उतरतं, तिथे कागद जळतो. दोन बोर्ड लागतात, एक पुढचा खिडकीचा, एक मागचा. दुकानदार पुढचा चांगला घालतात आणि मागे साधा पुठ्ठा, तो दिसत नाही म्हणून. मागचाही बघून घ्या. रंग मोडका पांढरा, कोऱ्या भाताच्या रंगाचा. तीन बाजूंना तीन इंच, खाली साडेतीन. खाली अर्धा इंच जास्त असलं की चित्र घसरल्यासारखं दिसत नाही.

काच. तुमचा खरा प्रश्न हाच आहे. नॉन-ग्लेअर म्हणून जी खरवडलेली काच मिळते ती घेऊ नका. ती उजेड पसरवते खरी, पण माउंटमुळे ती चित्रापासून दूर राहते आणि चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसतं. आधीच धूसर दिसणाऱ्या माणसाला ते त्रासाचं. अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंगची काच वेगळी असते. ती लावली की काच आहे हेच कळत नाही, लोक बोट लावून बघतात. महाग आहे. माझ्या मते बाकी कुठेही वाचवा, इथे वाचवू नका.

वजनाचा हिशेब करा. माउंट धरून फ्रेम साधारण १.१५ बाय ०.९ मीटर होईल, म्हणजे एक चौरस मीटरभर. ३ मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेसात किलो. काच, फ्रेमची पट्टी आणि बोर्ड मिळून ११-१२ किलो धरा. एका खिळ्यावर नाही चालणार. ड्रिलने दोन भोकं, प्लग आणि स्क्रू, दोन्हींत दीड फूट अंतर. त्या कोटिंगचं ॲक्रिलिकही येतं, वजनाला निम्मं, पण त्यावर सुकं फडकं फिरवलं की धूळ ओढून घेतं आणि चरे पडतात.

पट्टी सागवान किंवा शिसवी, साधी, पाऊण-एक इंच रुंद. नक्षीची फायबर पट्टी नको. ११ किलोला तिचे कोपरे उघडतात. मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना रबराची बुचं चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये बोटभर वारा खेळतो. एवढ्या एका बुचाने निम्मी बुरशी थांबते. मागून सगळीकडे कागदी टेप, किडा आत जायला फट नको.

उंची. दुकानं सांगतात चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटर. ते उभ्या माणसाचं झालं. माई कुठे बसणार?

पळसपान:

सगळ्यांना उत्तर द्यायला नऊ आठवडे लागले, माफ करा. काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

शाईवाले दादा, पहिल्या स्टुडिओने पट्टी द्यायला नकार दिला. “मॅडम, विश्वास ठेवा” म्हणाले. तुमचं वाक्य लक्षात ठेवून निघून आले. दुसरीकडच्या मुलीने फाइलचा आकडा न विचारता सांगितला, ८,२००. तिने दोन नाही, तीन पट्ट्या काढल्या. मैत्रिणीचा मुलगा दिल्लीहून पोस्टकार्ड घेऊन आला होता, ते शेजारी ठेवलं. सकाळी दहाला मला दुसरी बरोबर वाटली, रात्री तिसरी. दिवा बदलला, मग रात्रीही दुसरीच. तुम्ही लिहिलेलं सायनचं मी त्या मुलीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, हे मला कॉलेजात कुणी असं समजावलं नव्हतं.

माडबन दादा, फ्रेमवाल्याला मागचा बोर्ड दाखवा म्हटल्यावर तो गप्प झाला, मग आतून दुसरा घेऊन आला. जपानी कागद त्याच्याकडे नव्हता. माईच्या तिकिटांच्या बिजागऱ्यांचं जुनं पाकीट तिने जपून ठेवलं होतं, पण त्या फारच छोट्या. शेवटी कागद पुण्याहून मागवला. खळ मी घरी केली, गव्हाचा चीक काढून, कुरडयांना करतो तसा. काचेचे पैसे ऐकून घरात थोडी चर्चा झाली. धाकटीने इंदूरहून अर्धे पाठवले.

माई आल्यावरच उंची ठरवली. ती खिडकीकडे पाठ करून वेताच्या खुर्चीत बसते. तिला बसवलं, आणि आम्ही दोघांनी फ्रेम भिंतीला धरून वरखाली केली. १२२ सेंटिमीटरला ती “थांबा” म्हणाली. ती समोर बघतच नाही, मान थोडी डावीकडे वळवून कडेच्या नजरेने बघते. डॉक्टरांनी तिला तसं शिकवलंय. त्यामुळे चित्र खुर्चीच्या सरळ समोर न लावता हातभर उजवीकडे सरकवलं.

खडूफळा, नाव आणि साल पेन्सिलने लिहिलंय. माईनेच लिहिलं, भिंग घेऊन. अक्षर वाकडं गेलंय, ते तसंच ठेवलंय.

परवा सकाळी चहा घेताना तिने विचारलं, “डावीकडच्या मुलीच्या मागे भिंत आहे का गं, की नुसता रंगच?” मी उठून अगदी नाक लावून बघितलं. मलाही ठरवता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, ती रोज विचारते.

फोटो टाकणार होते, पण मोबाईलमध्ये परत सगळं नारिंगी येतंय, म्हणून टाकत नाही.